साठ सोंगांचा बहुरूपी

गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मात पुन्हा येत नाही. शरीर त्याच्या विषाणूला ओळखून ठेवते. मग हिवताप मात्र त्याच माणसाला पुन्हा पुन्हा कसा गाठतो?

हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपेरम. ॲनॉफिलिस डासाची मादी चावली की तो शरीरात शिरतो, प्रथम यकृतात वाढतो आणि मग रक्तातील तांबड्या पेशींत घुसतो. तेथे हीमोग्लोबिनवर ताव मारून ४८ तासांत एकाचे साधारण वीस होतात.

लपण्याची जागा त्याने मोठी नामी निवडली आहे. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवतात. त्यांवरून आत शत्रू आहे हे मारक पेशींना कळते. तांबड्या पेशीत ही सोयच नसते.

पण येथे भौतिकशास्त्र त्याच्या आड येते. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन व्यासाची असते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ती लवचीक असल्यामुळे प्लीहेतील, म्हणजे पाणथरीतील, अतिशय अरुंद फटींतूनही अंग चोरून निसटते. आत परजीवी वाढू लागला की तीच पेशी ताठर बनते. अशी पेशी प्लीहेच्या गाळणीत अडकते आणि नष्ट होते.

परजीवी यावर काय उपाय करतो? तो पीएफईएमपी-१ नावाचे चिकट प्रथिन बनवून पेशीच्या बाहेरच्या बाजूवर पाठवतो. त्याच्या साहाय्याने पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेपर्यंत जातच नाही. मेंदूतील रक्तवाहिन्यांत असे घडले तर रक्तप्रवाह अडतो, रोगी बेशुद्ध होतो आणि प्राणावर बेतते.

मात्र हे प्रथिन उघड्यावर आल्यामुळे शरीराला ते दिसते. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि परजीवींची संख्या झपाट्याने घटते. आता रोग संपणार असे वाटते. पण परजीवीजवळ या प्रथिनाची सुमारे ६० वेगवेगळी जनुके असतात. त्यांचा शोध १९९५ साली लागला. एका वेळी त्यांतले एकच जनुक चालू असते. काही थोडे परजीवी ते बंद करून दुसरे चालू करतात. या नव्या सोंगाला जुनी प्रतिपिंडे ओळखत नाहीत. तेवढेच परजीवी वाचतात, वाढतात आणि ताप पुन्हा चढतो. शिवाय दुसऱ्या वाणाच्या परजीवीची ६० सोंगे आणखी निराळी!

म्हणूनच हिवतापग्रस्त प्रदेशात अनेकदा आजारी पडलेल्या प्रौढाच्या शरीराला बरीच सोंगे परिचयाची झालेली असतात. त्याला ताप आला तरी तो सहसा दगावत नाही. लहान मुलाजवळ ही ओळख नसते. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती.

मग लस कशावर योजायची? शास्त्रज्ञांनी बहुरूप्याला सोंग घेण्यापूर्वीच गाठायचे ठरवले. डासाच्या लाळेतून येणाऱ्या परजीवीच्या अंगावर एक वेगळे प्रथिन असते. त्यात चार ॲमिनो आम्लांचा एकच तुकडा अनेक वेळा ओळीने येतो. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या दोन लशींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे : २०२१ साली आरटीएस,एस आणि २०२३ साली आर-२१. यांपैकी दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

या लशींनी पूर्ण संरक्षण मिळत नाही. प्रतिपिंडे काळानुसार घटतात, म्हणून पुढे आणखी एक मात्रा द्यावी लागते. मच्छरदाणीही सोडून चालत नाही. कारण त्वचेपासून यकृतापर्यंतचा प्रवास परजीवी तासा-दोन तासांत उरकू शकतो.

आता एक हिशेब तुम्हीच करा. एक परजीवी निसटून यकृतात पोहोचला आणि तेथे त्याचे १०,००० झाले. पुढे रक्तात दर ४८ तासांनी ते वीसपट झाले आणि एकही नष्ट झाला नाही, तर आठ दिवसांनी किती होतील? उत्तर वहीत मांडून पाहा. मग एकाही परजीवीला निसटू देणे लशीला का परवडत नाही, ते ध्यानात येईल.