घरांत घाण करूं लागलेलें कुत्र्याचें पिलूं

रानांतील वस्तीवर कुत्रें नाहीं असा शेतकरी सोलापूर जिल्ह्यांत विरळाच. गोठा, पंपाचें सामान आणि उभें पीक यांची राखण त्याच्या भरंवशावर सोडलेली असते. परंतु त्याच्या लहानपणच्या शिक्षणाकडे आपलें लक्ष फारच थोडें. महिना-दीड महिना बाहेर जाऊन विधि उरकणारें पिलूं एकाएकीं सोप्यांत किंवा धान्याच्या कणगीशेजारीं लघवी करूं लागलें म्हणजे कोणी त्यास काठीनें बडवितो, कोणी त्याचें नाक ओल्या जागीं घासतो, आणि तेवढ्यानें न भागल्यास बाजारच्या दिवशीं त्यास परगांवीं सोडून देण्यांत येतें. अन्नपाण्यावांचून हाल होतील अशा रीतीनें जनावर सोडून देणें हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. शिवाय त्यांत शेतकऱ्याचा निव्वळ तोटा. कारण चार महिने दूधभाकरी घालून वाढविलेला राखणदार तो आपल्याच हातानें घालवितो.

हा खोडसाळपणा नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. कुत्रें सूड म्हणून लघवी करीत नाहीं. शिकलेलें पिलूं बिघडलें तर त्यास कारण असतें, आणि तें शोधून काढणें हेंच खरें काम होय. आमच्या मतें पहिली शंका आजाराची घ्यावी. वरचेवर थोडी थोडी लघवी होणें, करतांना कण्हणें, लघवींत रक्ताचा अंश दिसणें, पाणी नेहमींपेक्षां फार पिणें, हीं लक्षणें दिसतांच मूत्रमार्गाच्या विकाराची शंका घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. पातळ शौचास होत असल्यास जंतांचें औषध दिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. ज्या घरांत मुलें जमिनीवर रांगतात तेथें तर याची हयगय करूं नये. पिलाच्या विष्ठेंतील जंतांचीं अंडीं कांहीं आठवड्यांनीं मुलांस बाधणारीं होतात, आणि लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याच्या मूत्रावाटें माणसास जडूं शकतो. त्याची लस कुत्र्यास देतां येते व ती दर वर्षीं टोंचावी लागते. पाणी तोडणें हा मात्र उपाय नव्हे. सोलापूरच्या वैशाखांत तो घातकच ठरेल.

आजार नसेल तर ऋतूकडे पाहावें. या जिल्ह्यांत पावसाचा जोर बहुधा भाद्रपदांत, म्हणजे सप्टेंबरांत असतो. उन्हाळ्यांत जन्मलेल्या पिलानें तोंपर्यंत बहुतेक कोरडी जमीनच पाहिलेली असते. एके रात्रींत काळ्या रानाचा चिखल होतो, पायांस गोळे चिकटतात, आणि तें उंबऱ्याबाहेर पाऊल घालीत नाहीं. आपल्याकडील कारवानी व बागलकोट जिल्ह्यांतील मुधोळचीं शिकारी कुत्रीं यांना तर पाऊस अधिकच जाचतो. हीं कुत्रीं धांवण्यांत नामांकित. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें मुधोळ जातीचें तिकीट काढलें, आणि २०१६ सालीं लष्करानें त्या जातीचीं कांहीं पिलें शिक्षणासाठीं मीरतला नेलीं. पण अंगावरील केंस आंखूड व चरबी बेताची, त्यामुळें ओल आणि गारवा त्यांस सोसत नाहीं. अशा वेळीं हांकलून उपयोग नाहीं. गोठ्याच्या पत्र्याखालीं मुरमाची एक कोरडी जागा राखून ठेवावी व आपण स्वतः त्याबरोबर तेथें उभें राहावें.

सारवलेल्या घरांत आणखी एक अडचण आहे, व तिचा विचार शहरी पुस्तकांत क्वचितच सांपडतो. पायाखालीं जो स्पर्श लागतो त्यावरून पिलूं आपली जागा ठरवितें. गोठ्यांतील मातीवर वाढलेल्या पिलास अंगण व माजघर हीं दोन्हीं मातीचींच. भेद त्यानें कशावरून करावा? त्यांतून मातींत मुरलेला वास नुसत्या सारवणानें जात नाहीं. आपणांस तो येत नाहीं, पण पिलास ती ओळखीची जागा वाटते. ती चार बोटें खोल उकरून माती बाहेर टाकावी, नवी पांढरी माती ठोकून बसवावी आणि मग सारवावें. शहाबादी फरशी असेल तर दरजा साबणाच्या ऊन पाण्यानें घांसून काढाव्या. तो दगड चुनखडीचा असल्यामुळें शिरका किंवा ॲसिड लागल्यास झिजतो. फिनेलचा उग्र दर्प माणसाच्या नाकास फसवितो, कुत्र्याच्या नव्हे. आणि पिलूं जमीन चाटतें, म्हणून तें पोटांत जाण्याचें भय निराळेंच.

यानंतर पुन्हा पहिल्या पाठापासून आरंभ करावा. पिलाचें वय जितके महिने त्यांत एक मिळवावा. दिवसां साधारण तितके तास तें तग धरतें, अधिक नाहीं. म्हणून तीन महिन्यांच्या पिलास चार तासांच्या आंत, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर लगेच, एकाच वाटेनें एकाच जागीं न्यावें. काम होतांच तेथल्या तेथें भाकरीचा तुकडा द्यावा; घरीं परत येऊन दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हें त्यास उमगत नाहीं. शिक्षेचेंही तसेंच. सकाळचें ओलें दुपारीं दाखवून मारल्यास पिलूं कान पाडून, शेपूट घालून बसतें, व आपण म्हणतों कीं त्यास आपला अपराध कळला. अमेरिकेंतील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, हा अपराधी चेहरा धनी रागावल्यामुळें होतो. कुत्र्यानें खरोखर आज्ञा मोडली होती कीं नव्हती याचा त्याशीं संबंध नसतो. मार खाल्लेलें पिलूं इतकेंच शिकतें कीं, माणसादेखत लघवी करणें धोक्याचें, आणि मग तें कणगीमागची अंधारी जागा शोधतें.

दोन प्रकार मात्र यांतून वगळावे. धनी दिसतांच जमिनीला पोट लावून थेंबभर लघवी करणारें पिलूं घाण करीत नसून शरण येत असतें. त्याच्या अंगावर ओणवें न होतां बाजूस खालीं बसावें व हळूच हात पुढें करावा. मोठें होतां होतां ही खोड बहुधा सुटते. आणि सहा महिन्यांपुढील नर पाय वर करून खांबाखांबावर थोडी थोडी लघवी करूं लागला तर ती हद्दीची खूण होय. त्यास खच्ची करून घेतल्यास ही संवय पुष्कळ वेळां कमी होते. पण ती अंगीं मुरण्यापूर्वींच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.