पेठेचा संघ कुणाचा असतो?

पुण्यात एफसी पुणे सिटी नावाचा फुटबॉल क्लब होता. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो जन्मला. बालेवाडीच्या मैदानावर कॉलेजची पोरं त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडली, अंगावर नारिंगी जर्सी मिरवली. पाच हंगाम झाले आणि 2019 मध्ये क्लब बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. त्या पोरांना कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. कागदावर क्लब त्यांचा नव्हताच. त्याआधी 2010 मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड असाच संपला होता, तोही चारच वर्षांपूर्वी राष्ट्रीय लीग जिंकलेला.

आता पुण्याहून हायवे धरून कोल्हापूरला उतरा. तिथे पाटाकडील तालीम आहे, शिवाजी तरुण मंडळ आहे, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब आहेत. यांच्यामागे ना सिनेनट, ना मोठा उद्योगसमूह. तरी हे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळतायत आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी खेचतायत. हे कोडं मला कायम भुरळ घालत आलंय.

आपल्याकडे धाराशिवात तालीम म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती तांबडी माती, हौदा, कोपऱ्यातला मारुती आणि लंगोट कसलेले पैलवान. कोल्हापुरातही तालमी कुस्तीसाठीच उभ्या राहिल्या. शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्यातून पेठापेठांत तालमींचं जाळं विणलं गेलं. नवल पुढचं आहे. त्याच तालमींनी इंग्रजांचा फुटबॉल उचलला आणि स्वतःच्या नावानं मैदानात उतरवला. म्हणून जगात इतरत्र क्लबच्या नावात ‘युनायटेड’ किंवा ‘सिटी’ असतं आणि कोल्हापूरच्या लीगमध्ये ‘उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम’ गोल करते. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते दोनदा म्हणून पाहिलं होतं.

या नावांकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पाटाकडील म्हणजे पाटाच्या कडेची. पाट म्हणजे पाण्याचा. शहराच्या जुन्या पाण्याची खूण एका फुटबॉल संघाच्या नावात मुरून बसलीय आणि सामन्याच्या दिवशी हजार तोंडांनी घोकली जाते. संध्यामठ म्हटलं की रंकाळा आठवतो. दिलबहार या एका शब्दात रविवार पेठेचा सगळा रुबाब येतो. वारसा जपायचा म्हणून इथे वेगळं संग्रहालय उभारावं लागलेलं नाही. संघाची नुसती हाक मारली तरी तो जपला जातो.

मालकीचं गणित तर याहून विलक्षण आहे. जी तालीम फुटबॉल खेळते, तिथेच गणपती बसतो, शिवजयंती होते, पेठेतल्या कुणाच्या घरी अडचण आली की माणसं जमतात. वर्गणी देणारा, मिरवणुकीत पुढे असणारा आणि स्टेडियमवर ओरडणारा माणूस एकच. म्हणून कोल्हापुरात पाठीराख्यांची वेगळी संघटना शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण अख्खी तालीमच ती संघटना आहे. हंगामाआधी कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनकडे, म्हणजे सगळे म्हणतात त्या केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार, ही तेव्हा गावभराची बातमी असते. बाहेरचा खेळाडू आणायचा की पेठेतल्याच पोराला संधी द्यायची, यावर कट्ट्यावर तासन्‌तास खल होतो आणि तो खल कारभाऱ्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. कारभारीही त्याच कट्ट्यावर बसलेले असतात. एखादा माजी खेळाडू, आता केस पिकलेला, ‘ह्या पोराला मधल्या फळीत घ्या’ म्हणाला की त्या शब्दाला वजन असतं.

शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली चुरस तर कोल्हापूरकरांच्या रक्तातच आहे. तिला तिथे ईर्षा म्हणतात आणि अभिमानानं म्हणतात. या ईर्षेच्या गावातूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा पुढे आला, जो 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. याच ईर्षेचं दुसरं रूपही आहे. मैदानातली हुल्लडबाजी, दगडफेक, मग पोलिसांचा बंदोबस्त आणि पेठांच्या समर्थकांना वेगवेगळं बसवणं. मला याचं फार वाईट वाटतं. आपला संघ आपला आहे म्हणून हक्क गाजवणाऱ्यानं त्याची अब्रूही सांभाळली पाहिजे, आणि तालमीतली वडीलधारी माणसंच हे करू शकतात, पोलीस नव्हेत.

क्लब कागदावर दुसऱ्याचा असेल तर काय करायचं? कोल्हापूरचा निखिल कदम ज्या मोहन बागानकडून खेळला, त्या क्लबच्या पाठीराख्यांनी याचं उत्तर दिलंय. 1889 मध्ये स्थापन झालेला हा कोलकात्याचा क्लब. 29 जुलै 1911 रोजी त्याच्या संघानं, ज्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांना 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. असा इतिहास असलेल्या क्लबच्या नावाआधी 2020 मध्ये तीन अक्षरं येऊन चिकटली, कारण एटीके या दुसऱ्या क्लबशी त्याचं विलीनीकरण झालं. जर्सीचा हिरवा-मरून रंग तोच राहिला, मैदानही तेच राहिलं. पण नाव झालं एटीके मोहन बागान.

बाहेरच्या माणसाला वाटेल, तीन अक्षरांनी काय बिघडतं? ज्यांचे आजोबा 1911 ची गोष्ट ऐकत मोठे झाले, त्यांना ते घराच्या दारावर परक्याची पाटी लावल्यासारखं वाटलं. ‘रिमूव्ह एटीके’ हे दोन शब्द बॅनरवर चढले आणि खाली उतरेनात. संघ जिंकत होता तरी उतरेनात, आणि मला सगळ्यात थक्क करणारी बाब हीच वाटते. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, संघानं बेंगळुरू एफसीला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. आणि त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांनी जाहीर केलं की एटीके जाणार, यापुढे नाव मोहन बागान सुपर जायंट. करंडक आणि नाव, दोन्ही एकाच रात्री हाती आलं.

जर्मनीत पाठीराख्यांचा हा हक्क नियमात बांधून टाकलाय. तिथे 1998 पासून 50+1 नावाचा नियम आहे. क्लबमध्ये पैसे कुणीही घालावेत, पण मतांची निम्म्याहून एक जास्त संख्या क्लबच्या सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजे. थोडे अपवाद सोडले तर सगळे क्लब हा नियम पाळतात. एवढं असूनही लीगच्या प्रसारण-उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायचं घाटलं, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगनं तो बेत सोडून दिला.

आणि बर्लिनचा युनियन क्लब. हा तर दुष्काळी भागातल्या माणसाला लगेच उमजेल. 2004 मध्ये क्लब कर्जात बुडाला तेव्हा पाठीराख्यांनी रक्तदान केलं आणि त्याचा मोबदला क्लबच्या खात्यात जमा केला. पुढे मैदान मोडकळीला आलं. 2008-09 मध्ये दोन हजारांहून जास्त पाठीराखे फावडी घेऊन आले आणि सुमारे 1,40,000 तास राबून त्यांनी ते नव्यानं बांधलं. आपल्या गावांत उन्हातान्हात चर खणणाऱ्या माणसांना या कामाचं नाव सांगावं लागणार नाही. श्रमदानच ते. दहा वर्षांनी, 2019 मध्ये, तोच क्लब जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला.

हे सगळं धाराशिवात बसून लिहिताना मला आपला खो-खो आठवतो. गुवाहाटीत 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे आपल्या जिल्ह्याची. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती ज्या मातीत पळायला शिकली, त्या मातीतल्या जुन्या संघांचं आपण काय जपून ठेवलंय? कुठल्या साली कोण खेळलं, पहिला करंडक कुठून आणला, पहिली जर्सी कुणी शिवून दिली, हे सांगणारी माणसं अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसा, वहीत उतरवून घ्या, जुने फोटो मागून आणा आणि मागे नावं लिहा. मंडळाच्या बैठकीत गणपतीचा हिशेब झाला की खेळाचा विषय काढा.

तुळजापूर आणि कोल्हापूर ही साडेतीन शक्तिपीठांतली दोन पीठं. अंबाबाईच्या दर्शनाला आपली माणसं जातच असतात. यंदा हिवाळ्यात गेलात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला, तर दर्शन आटोपून तिकडे नक्की जा. सोबत पोरांनाही न्या.