एका दिवसाची समुद्रसफर : घारापुरीला जाताना



परवा माझ्या भाचीने ग्रीसचे फोटो दाखवले. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सकाळी बोटीत बसायचं. हायड्रा, पोरोस, एजिना अशी तीन बेटं बघायची आणि संध्याकाळी परत. आमच्या मंडळातल्या सगळ्याजणी हळहळल्या, "आपल्या नशिबी कुठलं गं!"

अगं, आपण माहीमकर तर मुळात बेटावरच्याच! मुंबई ज्या सात बेटांची झाली, त्यातलं एक माहीम. वांद्र्याला जायचं तर पूर्वी होडीच लागायची. १८४० च्या दशकात पूल झाला, तो लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांमुळे. लोकांकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती.

तेव्हा आपली एका दिवसाची सफर करू या घारापुरीची. माहीमहून लोकलने चर्चगेट, तिथून बसने किंवा टॅक्सीने गेटवे. बोट साधारण तासाभरात पोचवते. लेणी सोमवारी बंद असतात, तो वार टाळा. धक्क्यापासून वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. मुख्य लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. येताना मुलांना तोही दाखवा.

निघायचा दिवस ठरवताना भरती-ओहोटी बघा. आपल्या कोळणींचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी ओहोटी. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं, पाय सटकतो. म्हणून चपलेपेक्षा पट्ट्यांची सँडल बरी, आणि साडी असेल तर पदर खोचून घ्या. बोट लागते अशांनी उपाशी निघू नये, तेलकटही खाऊ नये. बोटीच्या मधोमध बसावं, नजर दूर क्षितिजावर ठेवावी. आल्याची वडी जवळ असू द्या.

आता मुख्य गोष्ट. गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा मी बसल्या बसल्या लाइफ जॅकेट मागितलं. दोघी-तिघी हसल्या. एकीने तर तेच बुडाखाली उशीसारखं घेतलं होतं! मी हट्ट सोडला नाही, कारण दोन तारखा मला विसरता येत नाहीत. १७ जुलै १९४७ : भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. वादळी लाटा आल्या, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. दुसरी तारीख १८ डिसेंबर २०२४ : घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, पंधरा जण दगावले. त्या दिवशी वादळ नव्हतं, भरदुपार होती.

म्हणून बोट सुटण्यापूर्वीच जॅकेट घाला. सगळे पट्टे आवळा. मग मैत्रिणीला ते खांद्यावर धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांना मोठ्यांचं घालू नका, त्यांच्या मापाचं मागा. पदर, ओढणी आणि पर्सचा पट्टा जॅकेटच्या आत घ्या, बाहेर लोंबू देऊ नका. फोटोसाठी सगळ्याजणी एका कडेला धावू नका. वजन एकीकडे गेलं की बोट त्या बाजूला झुकते. बोट जास्त भरलेली वाटली तर सरळ उतरा. पुढची बोट मिळेल.

परवा मंडळाची सहल पुन्हा ठरली. तेव्हा जॅकेटची उशी करणारीनेच सर्वांत आधी विचारलं, "मुलांच्या मापाची जॅकेटं असतील ना गं?" मला फार बरं वाटलं.

समुद्र आपल्या दारातच आहे, मैत्रिणींनो. जा, बघा, आणि सुखरूप घरी या. नमस्कार!