वीतभर पाण्यातील संसार

बालमित्रांनो, आषाढात बेळगाव-खानापूरकडे भाताच्या चिखलणीला आरंभ झाला, की औतामागून पांढऱ्या पक्ष्यांची एक रांग हमखास चालू लागते. औताच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी यंत्र आले आहे. पण पक्ष्यांनी आपला रिवाज सोडलेला नाही. हे गायबगळे होत. चिखल उलथला की त्यातले किडे आणि बेडूक त्यांना आयते मिळतात. तेथेच बांधाच्या कडेला एक तपकिरी पक्षी मान आखडून, ध्यान लागल्यासारखा उभा असतो. ती ढोकरी. अगदी जवळ जाईपर्यंत ती डोळ्यांना दिसत नाही. आणि उडाली, की तिचे शुभ्र पंख एकाएकी उघडतात. उथळ पाण्यात व चिखलात चालून पोट भरणाऱ्या पक्ष्यांचा जो मोठा परिवार आहे, त्यातील ही दोन ओळखीची घरे.

बदक पोहून अन्न मिळवते, पाणकावळा बुडी मारून मिळवतो. या परिवाराला ते चालत मिळवायचे असते. त्यांच्या शरीराची घडण या एका गोष्टीवरून उलगडते.

प्रथम पाय पाहा. शेकाट्या हा काळ्या-पांढऱ्या रंगाचा सडपातळ पक्षी. त्याचे गुलाबी-तांबडे पाय इतके लांब, की काठ्यांवर चढून चालल्यासारखा तो वीतभर पाण्यात सहज हिंडतो. तुतवाराचे पाय आखूड. म्हणून तो शेपटी खालीवर हलवीत काठाच्या ओल्या मातीवरच फिरतो. कमळपक्ष्याची बोटे फार लांब असतात. त्यामुळे शरीराचा भार पसरतो आणि तो पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून न बुडता चालतो. या पक्ष्यांचा गुडघा मागे वाकतो, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तो गुडघा नव्हेच, तो घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. थंडीच्या पहाटे गार पाण्यात तासन् तास उभे राहूनही हे पक्षी गारठत नाहीत, यालाही कारण आहे. पायाकडे जाणारे उष्ण रक्त आणि वर येणारे गार रक्त यांच्या वाहिन्या अगदी शेजारून जातात. जाणारे रक्त आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते व शरीरातील उष्णता पाण्यात वाया जात नाही.

आता चोच पाहा. पाणलाव्याची चोच लांब आणि सरळ. ती चिखलात खुपसली, की तिच्या संवेदनशील टोकाला आतील किडा कळतो; आणि सारी चोच न उघडता नुसते टोक उघडून तो किडा पकडता येतो. चमचा पक्षी आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो व तिला लागेल ते टिपतो. मुग्धबलाक नावाच्या करकोच्याच्या चोचीत मधोमध फट असते. शंखातील गोगलगाय काढण्यात त्याचा हातखंडा. शेकाट्या पाण्याच्या पृष्ठभागावरचे बारीक किडे वेचतो. पंगत एकच, पण प्रत्येकाचे पान वेगळे! म्हणूनच एका तळ्याच्या काठी इतक्या जातींचे पक्षी एकत्र चरू शकतात.

त्यांचा संसारही पाहण्याजोगा आहे. तंबाखू निघून गेल्यावर उघड्या पडलेल्या निपाणीच्या शिवारात टिटवी जमिनीवरच, बहुधा चार, अंडी घालते. ती आसपासच्या खड्यांत इतकी मिसळून जातात, की पायाखाली आली तरी कळू नयेत. उन्हाळा कडक झाला, की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते व अंड्यांना गारवा देते. कमळपक्ष्यांत तर अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे, ही दोन्ही कामे बापाकडे असतात.

याच परिवारात दूरदेशीचे पाहुणेही आहेत. गोकाक तालुक्यात धुपदाळ येथे घटप्रभेवर इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला गेला. त्याच्या मागे पसरलेल्या उथळ पाण्याच्या परिसरात घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. मध्य आशिया-मंगोलियाकडून येणारे कांड्या करकोचे आणि युरोपातून येणारे पांढरे करकोचे यांच्यासाठी ते प्रसिद्ध झाले. कांड्या करकोचे दिवसा शेतांत दाणे टिपतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून विसावा घेतात; कोल्हा जवळ येऊ लागला, तर पाण्याची चाहूल त्यांना जागे करते. या परिवाराच्या प्रवासाला सीमा नाही. २०२२ साली एका लांब चोचीच्या किनारपक्ष्याचे अवघ्या काही महिन्यांचे पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, सुमारे ११ दिवस, कोठेही न उतरता उडत गेले. त्याच्या अंगावरील लहानशा यंत्राने ही नोंद केली.

एवढे अंतर उडणाऱ्या पक्ष्यालाही उतरताना हवी असते ती उथळ पाण्याची कड. तिथेच माणसाची चूक होते. तळे सुधारायचे म्हणून ते सगळीकडून खोल खणले आणि काठ दगडांनी उभे बांधून काढले, तर पाणी वाढते, शोभाही येते. परंतु वीतभर पायाच्या पक्ष्याला उभे राहायला जमीन उरत नाही. पोहणारे बदक तेथे राहील. शेकाट्या, तुतवार आणि पाणलावा निघून जातील. ओढ्याकाठची दलदल भरून घरे उठली, तरी परिणाम तोच. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळ जागांविषयीच्या करारात भाताच्या खाचरांनाही पाणथळ मानले आहे. चिखल ही पडीक जागा नव्हे, हेच त्यातून जगाने मान्य केले. तळे खोल करताना त्याची एक बाजू उतरती, मातीचीच ठेवावी. एवढ्याने या पक्ष्यांची सोय होते.

मुलांनो, येत्या थंडीत एखाद्या सकाळी गावच्या तळ्याकाठी जरा दूर, मुकाट्याने बसा. कोणता पक्षी किती पाण्यात उभा आहे आणि चोचीने काय करतो आहे, ते वहीत टिपून ठेवा. पुढील वर्षी त्याच दिवसांत पुन्हा जा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. तळ्याची कड शाबूत आहे की नाही, हे ती वहीच सांगेल.