महालक्ष्म्यांच्या बाजारातल्या सोळा भाज्या

रात्री पाऊस उघडलाय, पण मंडईतला चिखल अजून चपलेला सोडत नाही. आज महालक्ष्म्या घरात येणार, संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य आणि उद्या पुरणाच्या पानात सोळा भाज्या. त्यामुळं हिंगोलीत आज पाय ठेवायला जागा नाही. सेनगावच्या रस्त्यानं, औंढ्याकडून, कयाधूकाठच्या गावांतून पहाटेच टेम्पो, ऑटो, मोटारसायकली आल्यात. ताडपत्रीवर, पोत्यांवर, नुसत्या ओल्या गोणपाटावर वाटे लागलेत. दोडके, पडवळ, गवार, चवळीच्या शेंगा, लाल भोपळ्याच्या फोडी, अळूची पानं, चुका, अंबाडी. मधूनच आघाडा-दुर्वांच्या जुड्या आणि झेंडूचे ढीग.

मी शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुनेबरोबर फिरतेय. काकूंच्या हातात यादी नाही, सोळाच्या सोळा भाज्या तोंडपाठ आहेत. सुनेच्या हातात मोबाईल आहे आणि डोक्यात चार वर्षांचा मुलगा. “आई, यंदा सगळं सेंद्रियच घेऊ. त्याच्या पोटात औषध नको जायला.” काकू चालता चालता म्हणतात, “घेऊ की. आधी मिळतंय का बघू, मग परवडतंय का बघू.”

मिळतंय. मंडईच्या टोकाला एक तरुण शेतकरी दोन क्रेट मांडून बसलाय. मागं पुठ्ठ्यावर लिहिलंय, ‘विषमुक्त भाजीपाला’. वांगी लहान-मोठी, भेंडी थोडी वाकडी, पालकाच्या पानांना टाचणीएवढी भोकं. भाव शेजारच्यापेक्षा निम्म्यानं जास्त. सून एक वांगं उचलते. देठाजवळ बारीक छिद्र आहे आणि छिद्राच्या तोंडाशी ओलसर भुसा. आत अळी आहे, हे सांगायला कुणी लागत नाही.

“ताई, ते बाजूला ठेवा, दुसरं देतो,” तो म्हणतो. “शेंडा पोखरणारी अळी. कामगंध सापळे लावलेत, किडके शेंडे रोज खुडतो, तरी दहातली दोन-तीन जातातच.”

“मग तुम्ही मारता काय?”

“दशपर्णी. कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, एरंड, रुई, पपई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर. शेण-गोमूत्रात महिनाभर सडवायचं. ढवळायचं मात्र रोज, नाही तर बसतं. आणि पाण्यातून जीवामृत. घरी लाल कंधारी गाय आहे, म्हणून जमतं.”

सून सरळ विचारते, “पण हे सेंद्रियच आहे, कशावरून?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला राग येत नाही. पॅकबंद मालावर ‘जैविक भारत’ची खूण बघता येते, ती 2017 च्या नियमांनी आली. मोकळ्या भाजीवर शिक्का कुठं मारणार? तो सांगतो की त्यांच्या गावात पीजीएसचा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा गट आहे. पाच किंवा जास्त शेतकरी एकत्र येतात, एकमेकांची शेतं तपासतात, कुणी चोरून फवारलं तर गटाची पत जाते. “आणि त्याहून खात्री पाहिजे तर शेतात या. रस्त्यापासून लांब नाही.” काकू मान डोलावतात. त्यांना कागदापेक्षा हे बोलणं पटलंय, आणि मलाही. पण एक गोष्ट तो आपणहून सांगतो, ती मला जास्त मोलाची वाटते. “शेजारच्याचं सोयाबीन आहे. त्यानं फवारलं आणि वारं माझ्याकडचं असलं, तर येतंच थोडं. बांधाकडच्या दोन ओळी मी सेंद्रिय म्हणून विकत नाही.”

सुनेला वाटतंय की या भेंडीत जीवनसत्त्वं जास्त असतील. यावर जगात बराच खल झालाय. 2012 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी शेकडो अभ्यास तपासले आणि सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही, असं सांगितलं. 2014 साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटानं 343 शोधनिबंधांचा ताळा मांडला, तेव्हा सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी दिसलं. भांडण मिटलेलं नाही. मात्र एका मुद्द्यावर दोघांचं जुळतं, सेंद्रिय मालात औषधांचे अंश कमी सापडतात. तेव्हा लेकराला जीवनसत्त्वं द्यायची तर कुठल्याही शेतातली भाजी ताटात रोज वाढणं महत्त्वाचं. महाग म्हणून आठवड्यातून एकदाच आणलेली सेंद्रिय भाजी त्याच्या वाढीला पुरणार नाही. जादा पैसे द्यायचे ते औषध टाळण्यासाठी. तेही कुठल्या भाजीत टाळायचं, हे कळायला पाहिजे.

ते कळतं पुढच्या वाट्याजवळ.

इथं एक बाई भेंडी घेऊन बसल्यात. भेंडी अशी की नजर लागावी, सगळी एका मापाची, हिरवीगार, एकही डाग नाही. काकू एक भेंडी घेऊन शेंडा मोडतात, कटकन आवाज येतो. “कशी दिली?”

“तीसला पाव. सणाचा भाव हाय माय, बोलू नका.”

काकूंची नजर बाईच्या पाठीमागं जाते. तिथं कापडी पिशवी बांधून ठेवलीय, तोंडातून भेंड्यांचीच टोकं दिसतायत, जरा राठ, एकदोन किडकी. “ती काय भाव?”

“ती इकायची न्हाई. लेकीकडं द्यायचीय, हितंच हिंगोलीत दिलीय तिला.”

“का बरं, चांगली इथं आणि किडकी लेकीला?”

बाई क्षणभर काकूंकडं बघतात, मग सुनेकडं, मग आवाज खाली आणून म्हणतात, “ती बिनफवाऱ्याची हाय. घरच्या दोन वळी असत्यात आमच्या. त्याच्यावर पंप न्हेत न्हाई आम्ही.”

सून माझ्याकडं बघते. तिला धक्का बसलाय, मला नाही. भाजी लावणाऱ्या कितीतरी शेतांत अशा दोन ओळी असतात, विहिरीजवळ, नाही तर आखाड्याच्या मागं. घरचं खाणं तिथून येतं. यात लबाडी शोधायची गरज नाही, बाईच बाकीचा हिशेब मांडतात. रान बटईचं. बियाणं, खत, औषध कृषी केंद्रातून उधारीवर. भेंडीवर पांढरी माशी बसली की पानं पिवळी पडतात आणि पीक हातचं जातं. आणि गिऱ्हाईक? “डाग दिसला की टाकून पुढं जातंय. तुमीबी तिकडून आलाव न्हवं, त्या पोराकडची वाकडी भेंडी बघून?”

काकू काही बोलत नाहीत.

“तोडा कधी होतो?” मी विचारते.

“एक दिसाआड. न्हाई तोडली तर जून होती.”

“आणि फवारा?”

“आठवड्याला. कवा अळी लई असली तर मधीबी.”

खरा गुंता इथं आहे. प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं, कुठं तीन, कुठं सात, कुठं त्याहून जास्त. तूर, गहू, हरभरा यांना हा काळ आपोआप मिळतो, कारण शेवटची फवारणी आणि सुगी यांत बहुधा आठवडे जातात. भेंडी, वांगं, गवार, काकडी यांचा तोडा सतत चालू. आज फवारलं आणि उद्या तोडलं, तर औषध सरळ परडीत येतं. सेंद्रिय आणि रासायनिक यांची तुलना करताना सगळ्या सोळा भाज्या एका तागडीत घालता येत नाहीत, ते यामुळंच. लाल भोपळ्याची साल निघते, दोडक्याच्या शिरा सोलल्या जातात. पालेभाजी आणि भेंडी मात्र न सोलताच पोटात जातात. मिठाच्या पाण्यात धुतल्यावर वरवरचं बरंच निघतं, म्हणून धुवावंच. सेंद्रिय भाजीही धुवावी, तिला शेणाचं पाणी लागलेलं असतं. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरतं, ते नळाखाली धरून निघत नाही.

“फवारतं कोण?” सून विचारते. हा प्रश्न बाईंना अपेक्षित नव्हता.

“मालक मव्हा. तोंडाला रुमाल बांधतेत. संध्याकाळी डोळे जळजळ करत्यात, एकदा उलट्या झाल्या हुत्या. गूळ-पाणी दिलं.”

गुळाच्या पाण्यानं विषबाधा उतरत नाही. दवाखाना लागतो, आणि जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा लागतो. तसं मी त्यांना सांगते, डब्यावरचा त्रिकोण लाल असला तर ते सगळ्यात जहाल, हेही सांगते. त्यांना रंग ठाऊक आहेत, अर्थ कुणी सांगितलेला नाही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारायला 2005 पासून बंदी आहे, हेही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. कापूस डोक्याच्या वर गेला होता, फवारा तोंडावर येत होता. शहरात आपण लेकराच्या ताटातल्या अंशाची काळजी करतो आणि ती करायलाच हवी. पण तेच औषध अंश नव्हे, पंपभर, कुणाच्या तरी पाठीवर असतं. सेंद्रियला दोन पैसे जास्त देताना मी या पाठीचा विचार करते, आणि माझ्यापुरतं ते कारण पौष्टिकतेपेक्षा मोठं आहे.

पलीकडं औंढा-कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या आंध आदिवासी बाया बसल्यात. त्यांच्यापुढं करटुली, केना, तरोट्याचे कोवळे शेंडे, घोळ. सुनेचा चेहरा खुलतो. “हे तर सेंद्रियच! कुणी लावलंच नाही.” ती करटुली घेते, काटेरी, बोराएवढी, आणि भाव ऐकून न कुरकुरता पैसे देते. पण तरोटा विकणारी आजी आपणहून म्हणते, “डोंगरातला हाय बाई. रानातला न्हाई. रानात आता तणनाशक मारत्यात.”

निंदायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून सोयाबीनच्या रानात तणनाशक आलं. कुंजर, पाथरी, केना, घोळ ही ज्यांना कृषी केंद्रात तण म्हणतात, त्याच भाज्या गरिबाच्या घरात पावसाळाभर फुकट शिजायच्या. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो ते चांगलंच आहे. पण निंदायला गेलेली बाई ओट्यातून घरी आणायची ती भाजी बांधावरून गेली, त्याची भरपाई महोत्सवातून होत नाही. गरीब कुटुंबाचं बिनपैशाचं सेंद्रिय अन्न होतं ते.

हळदीची गोष्ट निराळी. सून किराणा दुकानात ‘सेंद्रिय हळद पावडर’चं पाकीट हातात घेते तेव्हा काकू पहिल्यांदाच ठाम होतात. “हिंगोलीत राहून पाकिटातली हळद? ठेव ते.” इथल्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये उन्हाळ्यात हळकुंडांचे डोंगर लागतात, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. काकू दरवर्षी ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घेतात आणि समोर उभं राहून दळून आणतात. मला त्यांचंच बरोबर वाटतं. हळदीच्या बाबतीत सेंद्रिय की रासायनिक यापेक्षा शुद्ध की भेसळीची, हा प्रश्न आधी येतो. बांगलादेशात 2019 साली संशोधकांनी हळदीच्या पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेट मिसळलं जात असल्याचं दाखवलं होतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घात करतं. तिथल्या सरकारनं धाडी घातल्या आणि दोनेक वर्षांत ते थांबलंही. अख्ख्या हळकुंडाला रंग बाहेरून चोळता येतो, आत मिसळता येत नाही. मोडून बघितलं की आतला नारिंगी गाभा दिसतो.

पिशव्या भरत आल्यात. काकूंनी मनात वाटणी केलेली दिसते, त्या बोलत नाहीत, पण हात सांगतो. मेथी, पालक, चुका त्या तरुणाकडून. लाल भोपळा, दोडके, पडवळ, काकडी नेहमीच्या माळणीकडून. बाकीच्या इकडून-तिकडून घेऊन पंधरा झाल्या. भेंडी राहिलीय. तरुणाची भेंडी तोवर संपलीय.

काकू वळून त्या बाईंपुढं जाऊन उकिडव्या बसतात.

“ही कधी फवारलीय? खरं सांगा, नैवेद्याला आहे.”

बाई थोडं थांबतात. “परवा.”

“आणि ती पिशवीतली?”

“लेकीची हाय ओ माय.”

“लेकीचीच राहू द्या. मूठभर नैवेद्यापुरती द्या, भाव हाच लावा. पण मी दुसरंच विचारतेय. घरच्या दोन ओळी धरता ना, तिसरी माझ्यासाठी धरा. दर बाजारी मी घेईन. पैसे आधी देते.”

बाई हसतात, मग त्यांच्या लक्षात येतं की काकू चेष्टा करत नाहीत. “आन किडकी निघाली तर?”

“किडकी मी कापून टाकीन.”

“एक वळ म्हंजी दर बाजारी किलो-दीड किलो. कवा अर्धीच निघंल. कवा रोग पडला तर काहीच न्हाई.”

“नाही निघाली तर नाही.”

“मग भाव?”

“आज सणाचा तीस लावलाय तो वर्षभर देते. उतरला तरी तीस, चढला तरी तीस.”

“चढला की म्हणताल, बोललो हुतो.”

“म्हणणारच. तुम्ही उतरल्यावर म्हणा.”

सून मध्येच म्हणते, “माझ्या मैत्रिणीलाही पाहिजे.” बाई बोटांवर ओळी मोजायला लागतात, चार धरल्या तर रानाच्या मालकाला सांगावं लागेल, रान बटईचं आहे. काकू कमरेची पिशवी सोडून शंभरची नोट पुढं करतात. बाई ती लगेच घेत नाहीत. “मालकाला इचारते आधी. येत्या बाजारी या, हितंच बसलेली असते,” असं म्हणून त्या पाठीमागची पिशवी पुढं ओढतात आणि दोन ओंजळी भेंडी तागडीत टाकतात.