बंदरावरचा बावटा

समुद्रात वादळ उठले की बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. बावटा म्हणजे दिवसा डोलकाठीवर चढवलेले शंकू आणि नळकांड्यांच्या आकाराची चिन्हे, तर रात्री तांबडे-पांढरे दिवे. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्यात हाहाकार माजवला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशारा देण्याची सोय झाली. १८९८ पासून देशातल्या सगळ्या बंदरांना एकच पद्धत लागू झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी हे इशारे हवामान विभागाचे मुंबईचे केंद्र देते.

बावटे एकूण अकरा. पहिले दोन दूरच्या समुद्रातल्या धोक्याचे असतात. त्यांतला दुसरा सांगतो की वादळ तयार झाले आहे आणि बंदर सोडणारे जहाज त्यात सापडू शकते. तीन आणि चार नंबर खुद्द बंदराला सावध करतात. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. अकरावा लागतो तो इशारा केंद्राशी संपर्क तुटल्यावर.

पाच ते दहा या बावट्यांत वादळाची वाटही कळते. बंदर वादळाच्या डावीकडे राहणार, उजवीकडे राहणार की वादळ थेट बंदरावरून जाणार, यानुसार नंबर बदलतो. आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिसळतो आणि तडाखा वाढतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मुंबई डावीकडे राहिली आणि पुष्कळशी वाचली. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ भर समुद्रातून उत्तरेकडे गेले. तेव्हा मुंबई उजवीकडे होती, आणि वादळ दूर असूनही शहराला झोडपून गेले.

बावटा लागल्यावर खरे काम धक्क्यावर सुरू होते. जहाजांचे दोरखंड वाढवायचे, क्रेन जागच्या जागी जखडायच्या, कंटेनरच्या उंच थप्प्या उतरवायच्या, होड्या परत बोलवायच्या. वादळ नसतानाही वारा घात करतो. ५ ऑगस्ट २०२० च्या सोसाट्यात न्हावा शेवा बंदरातल्या तीन अजस्र क्रेन कोसळल्या. इशारा मिळूनही माणसे समुद्रात राहिली तर काय होते, हे ‘तौक्ते’त बुडालेल्या पी-३०५ या तराफ्याने दाखवले. त्यावर २६१ जण होते, त्यांतले १८६ वाचले.

बंदरापासून दूर, कल्याणजवळच्या शहाडला समुद्र नाही, पण उल्हास नदी आहे, आणि भरतीचे पाणी खाडीतून कल्याणपर्यंत चढते. वर मुसळधार पाऊस आणि खाली उधाण अशी गाठ पडली की नदीच्या पाण्याचा निचरा रखडतो. २६ जुलै २००५ च्या पुराने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्याला बुडवले होते. बंदराचा बावटा नदीच्या पुराचा इशारा देत नाही. तरीही ऐन पावसात तो लागल्याची बातमी आली, तर नदीकाठच्या घरांनी भरतीची वेळ पाहावी आणि पाणी चढण्याआधीच सामान वर हलवावे.