एकटा कोरी

घरी फिश टँक आणला की पंधरा दिवसांत काचेवर हिरवट थर दिसू लागतो आणि तळाशी उरलेले खाणे साचते. तक्रार घेऊन दुकानात गेले, की हमखास सल्ला मिळतो, ‘एक कोरी टाका, सगळे साफ करील.’ मग मिशांचा, जाडसर अंगाचा एक लहान मासा पिशवीतून घरी येतो. काही दिवस तो तळ उकरतो. पुढे एका कोपऱ्यात निपचित बसून राहतो. घरचे म्हणतात, ‘आळशीच दिसतो हा.’

तो आळशी नसतो, बहुधा एकटा असतो.

कोरी म्हणजे कोरिडोरस, आपल्या मांगूर-शिवड्याच्या दूरच्या नात्यातला, पण दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. आपल्याकडे सर्रास विकला जाणारा ब्राँझ कोरी त्रिनिदाद बेटापासून अर्जेंटिनापर्यंतच्या नद्या-ओढ्यांत आढळतो. त्याच्या अंगावर खवले नसतात. दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, चिलखतासारख्या. निसर्गात हे मासे थव्याने राहतात आणि तळातले किडे, अळ्या शोधून खातात. काचेवरचे शेवाळ हे काही त्यांचे अन्न नव्हे, माशांची विष्ठा तर नव्हेच. त्यांना बुडणारे वेगळे खाणे द्यावे लागते.

थव्यातले त्यांचे वागणे पाहण्यासारखे असते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ब्राँझ कोरीचा अभ्यास केला, तेव्हा हे मासे एकमेकांना हलकेच ढुशी देतात आणि धोक्याच्या वेळी एकत्र राहायला हा स्पर्श उपयोगी पडतो, असे दिसले. गढूळ पाण्यात, अंधारात नजर पोचत नाही, तिथे स्पर्श कामी येतो.

त्यांचा श्वासही सामुदायिक आहे. कल्ल्यांखेरीज कोरी आतड्यानेही श्वास घेतो. झपकन वर येऊन तो हवा गिळतो. आतड्याच्या मागच्या, पातळ भिंतीच्या भागात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, तिथे प्राणवायू शोषला जातो आणि उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. वर येण्याचा क्षण धोक्याचा, कारण शिकारी पक्षी टपलेले असतात. म्हणून एक निघाला की पाठोपाठ बाकीचेही निघतात. अनेकांत एक असले, की आपणच पकडले जाण्याची शक्यता कमी. एकट्या माशाला ही सोय नाही. मात्र सगळेच मासे सारखे वर धावू लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे, असे समजावे.

सर्वांत नवलाची गोष्ट विणीची. मूळ मुलखात पाऊस सुरू झाला, पाणी थोडे गार झाले, की विणीचा हंगाम येतो. म्हणून हौशी मंडळी टँकमधले काही पाणी बदलून किंचित गार पाणी घालतात. मादी नरापेक्षा मोठी आणि वरून पाहिल्यास रुंद दिसते. विणीच्या वेळी ती नराच्या पोटाशी तोंड लावते. दोघांची आकृती इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी होते. जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले, की मादी त्या वेळी नराचे शुक्राणू चक्क पिते. तिच्या तोंडाजवळ निळा रंग सोडला, तेव्हा तो काही सेकंदांत मागून बाहेर आला. आतड्यातून इतक्या झटपट गेल्यामुळे शुक्राणू पचत नाहीत, जिवंत राहतात. मादीने पोटाखालच्या परांची ओंजळ करून तीत अंडी धरलेली असतात, तिथेच त्यांचे फलन होते. मग ती चिकट अंडी पानावर किंवा काचेवर लावते. त्यांची राखण मात्र कोणी करत नाही. उलट मोठे मासेच ती खातात. पिल्ले हवी असतील तर अंडी वेगळी ठेवावीत. साधारण तीन ते पाच दिवसांत ती फुटतात.

तेव्हा कोरी ठेवायचा, तर एकाच जातीचे निदान सहा ठेवावेत. तळाशी मऊ वाळू असावी, टोकदार खडीने मिशा झिजतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच ते टँकमध्ये घालावे.

माणसांनीही थोडे जपावे. कोरीच्या परांचे काटे ताठ होऊन अडकतात, म्हणून त्याला जाळीऐवजी भांड्याने उचलावे. काटा टोचल्यास हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवला, की ठणका कमी होतो. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नये, नळी तोंडाने ओढू नये. टँकच्या पाण्यात कधी कधी क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, असतो. जखमेतून तो शिरला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न दुखणारी गाठ येते, कधी ती चिघळते. साध्या मलमाने ती जात नाही, औषधे काही महिने घ्यावी लागतात. अशी गाठ दाखवताना ‘घरी फिश टँक आहे’ एवढे एक वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान महिनोन्महिने लांबते, ते बहुतेकदा हे वाक्य राहून गेल्यामुळे.

आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या ‘आळशी’ माशाला पाच सोबती आणून पाहावेत.